निरोगी म्हणून दिलेलं रक्त

“हॅलो?… हं ताई, बोल. झालं का?… काय नाही झालं?… कोण उठून गेलं?”

अकराला दहा मिनिटं कमी होती. साडेदहाला ताईच्या नवऱ्याच्या जठराची दुर्बिणीने तपासणी व्हायची होती, आणि नाव पुकारलं जाण्याच्या सुमारास तो माणूस दारातून निघून गेला होता. ताई ही बातमी हॉस्पिटलच्या पहिल्या मजल्यावरच्या बाकावरून देत होती. धाकटी बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला, कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत, एका हातात पिपेट आणि दुसऱ्या हातात फोन धरून उभी होती. तिने पिपेट खाली ठेवलं.

“थांब, थांब. नीट सांग. बाथरूमला म्हणून गेले?… आणि तू जाऊ दिलंस?… अगं, दाढ काढायला गेले होते तेव्हाही असेच बाथरूमला गेले होते. घरी सापडले, पांघरूण घेऊन. विसरलीस?… हो, हो… अगं ऐक ना… नाव पुकारलं तेव्हा तू काय करत होतीस?… विणत होतीस. वा.

“फोन लाव त्यांना… बंद आहे?… बंद करून ठेवलाय म्हण. आपोआप बंद होत नसतो तो.… नाही, मी ओरडत नाहीये.… बरं, ओरडतेय. ओरडू नको तर काय करू? चार जणांच्या हातापाया पडून ही आजची वेळ मिळवलीये मी. पुढची कधी मिळणार माहीत आहे? दीड महिन्याने!… त्यांना घाई नसेल, मला आहे!

“काय म्हणाले?… सकाळपासून हेच चाललंय त्यांचं? ‘माझी जनुकं चांगली आहेत’?… मी सांगितलं? मी काय सांगितलं?… ते? अगं, जेवताना हात धुऊन मागे लागले होते, म्हणून एक वाक्य बोलून गेले मी. आणि ‘चांगली’ म्हटलंच नव्हतं. ‘सौम्य’ म्हटलं होतं. सौम्य प्रकार! आणि ह्यांनी त्याचं सर्टिफिकेट करून गळ्यात घातलं.”

तिने एका हाताचा मोजा दातांनी ओढून काढला. हे प्रयोगशाळेत करायचं नसतं. रोज इतरांना ती हेच सांगत असे.

“ऐक. हे मी तुला सांगायला नको, पण आता ऐकच. शरीरात कुठे सूज आली, जखम झाली, की पेशी एकमेकींना हाका मारतात. त्या हाका म्हणजे रक्तातली काही प्रथिनं. सायटोकाइन म्हणतात त्यांना. आम्ही तीच मोजतो.… हो, जठराच्या नि आतड्यांच्या कॅन्सरच्या पेशंटांची मोजतो, मग निरोगी माणसांची मोजतो, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघतो. जनुकंही बघतो त्याच माणसांची. कारण कुणाचं जनुक मुळातच आरडाओरडा करणाऱ्या जातीचं असतं, कुणाचं हळू बोलणाऱ्या.… हां. भावोजींचं हळू बोलणाऱ्यांतलं. तेवढंच ऐकलं आणि शेफारले. पण रक्तात आवाज केवढा आहे? रक्तात बोंबाबोंब आहे, ताई! ज्या घरात कधी कुणी चढ्या आवाजात बोलत नाही त्या घरातून किंकाळ्या ऐकू आल्या, तर तू काय करशील? ‘माणसं सौम्य आहेत हो’ म्हणून झोपशील?

“नाही. नाही, मी तसं म्हणत नाहीये. तो शब्द तू काढलास, मी नाही. एका आकड्यावरून असं काही ठरत नाही. किडक्या दाढेनंही वाढतो तो. तापानं वाढतो. म्हणून तर रविवारी येऊन बसले, दाढा विचारल्या, ताप विचारला, गुडघे विचारले. सगळ्याला ‘छे’. म्हटलं, मग पोट बघू.… चूक? माझी?… हो, मलाही तेच वाटलं. परत लावली चाचणी. परत तेच. रक्त काढून तसंच पडून राहिलं तर आकडा खोटा चढतो, पण ह्यांचं रक्त मीच काढलं, मीच मशीनमध्ये फिरवलं, मीच फ्रीजरमध्ये ठेवलं. चूक निघाली असती ना, तर नाचले असते मी इथे, टेबलावर चढून.”

दार ढकलून सर आत आले. ते विभागप्रमुख. समोरचा माणूस फोनवर आहे ही गोष्ट त्यांच्या लक्षात यायला नेहमीच वेळ लागे. धाकटीने फोनवर तळवा ठेवला.

“सर, पाच मिनिटं.… नाही, त्या नमुन्याचं अजून काही ठरलेलं नाही.… माहीत आहे, निरोगी गटाची सरासरी बिघडतेय त्याने. पण गैरसोयीचा आहे म्हणून आकडा काढायचा नाही, सर. कारण सापडेपर्यंत तो तिथेच राहणार.… हो, माझे मेहुणेच आहेत.… हो. अभ्यासातला निकाल घरी सांगायचा नसतो. मी सांगितला.… पूर्ण शुद्धीवर सांगितला. काय कारवाई करायची ती करा, पण पाच मिनिटांनी.”

सर गेले नाहीत. स्टूल ओढून बसले.

“हां ताई, बोल.… काय दिसलं?… खिडकीतून?… कुठली गाडी, शाळेची?… फिरतेय म्हणजे?”

ताईचा नवरा ड्रायव्हिंग स्कूल चालवत असे. शाळा म्हणजे एक पांढरी गाडी, छपरावर एक पाटी, आणि शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जास्तीचा ब्रेक. ती गाडी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरत होती.

“शिकवतायत? आत्ता?… कुणाला, एका बाईंना? त्यांनीच गाडी चालवत आणून सोडलं तुम्हाला सकाळी? म्हणजे जिवाची तपासणी करायला जातानाही शिकवणीचा तास वाया घालवायचा नाही. धन्य आहे!… केवढ्या आहेत त्या बाई?… सत्तरीच्या. उत्तम. आता खाली जा. फोन ठेवू नकोस. जिन्याने जा, लिफ्टमध्ये तुटतो.… बूट करकरतायत तर करकरू देत!

“जन्मभर दुसऱ्यांच्या गाडीचे ब्रेक दाबत आले. शेजारी बसून सगळ्यांना अक्कल. ‘आरसा बघा, मागे बघा, घाबरता कशाला!’ आणि स्वतःची पाळी आली की पार्किंगमध्ये प्रदक्षिणा.… पोचलीस?… थांबत नाहीयेत? हात कर.… अगं समोर उभी राहू नकोस! शिकाऊ आहे ती! ताई!… थांबली? कुणी थांबवली, बाईंनी की ह्यांनी?… ह्यांनी. चला, पाय तरी ठिकाणावर आहेत.

“फोन दे.… ह्यांना नको. बाईंना दे.

“नमस्कार काकू. मी ह्यांची मेहुणी.… हो हो, तीच, रक्तवाली. काकू, एक काम करा. गाडीची किल्ली काढा.… काढली? आता पर्समध्ये टाका आणि पर्स मांडीवर धरा.… नाही हो, तुमचा तास बुडणार नाही, मी भरून द्यायला लावीन.… काय?… कसलं पिणं?… नाही, नाही, काकू, ते दारूला शिवत नाहीत.… बाटलीतून?… प्रत्येक सिग्नलला?”

इथे तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

“रंग कसा असतो?… पांढरं. दाट.… झाकणात ओतून घेतात की तोंडाला लावतात?… तोंडाला. बरं. दारू नाही ती, काकू. जळजळीवरचं औषध आहे ते. बरं झालं सांगितलंत. खूप बरं झालं. तुम्ही शिकायला कधी लागलात त्यांच्याकडे?… तेव्हापासून असंच?… समोरचा कप्पा उघडता? किती आहेत आत?… रिकाम्या सोडून नाही, रिकाम्या धरून.

“द्या त्यांना. कानाला लावा त्यांच्या. घेत नसतील तर धरून ठेवा.”

सरांनी चष्मा काढून हातात घेतला होता. धाकटीने त्यांच्याकडे पाठ केली आणि फ्रीजरच्या दारावर मोकळा हात टेकला.

“भावोजी.… हो, मीच. बोलू नका, आधी ऐका. पोटात जळजळ कधीपासून आहे?… ‘थोडीशी’ मी विचारलेली नाही. कधीपासून?… आकडा सांगा.… वर्ष. म्हणजे मी रक्त काढलं त्याच्या कितीतरी आधीपासून.

“भावोजी, रक्त काढायच्या आधी मी तुमच्या समोर बसून विचारलं होतं. ताईच्या स्वयंपाकघरात. पोटाची काही तक्रार? अन्न अडकतं का? वजन उतरलंय का? औषध चालू आहे काही? एकेक प्रश्न वाचून विचारला. काय म्हणालात तुम्ही?… आठवत नाही कसं? मला आठवतंय. ‘दगड खाल्ला तरी पचतो’ म्हणालात आणि दंड दाखवलात. मीही हसले, गाढवासारखी. आणि तुम्हाला निरोगी माणसांत बसवलं.… का? का म्हणालात तसं?… पुटपुटू नका, नीट बोला. काकूंना ऐकू गेलं तरी चालेल.

“… काय?

“माझं अडलं होतं म्हणून?”

धाकटीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हो, अडलं होतं. पन्नाशीपुढचे पुरुष मिळत नव्हते. मिळाले तर साखर, नाहीतर संधिवात.… हो, तुमच्या जेवणाच्या टेबलावर बसून रडगाणं गायलं मी, मान्य आहे.… म्हणून तुम्ही खोटं बोललात? माझी सोय व्हावी म्हणून? अहो, मला निरोगी माणूस हवा होता, उपकार नको होते! नसता मिळाला तर माझा अभ्यास रखडला असता. महिना, दोन महिने. सर चार शब्द बोलले असते. बस! त्यापलीकडे काय होणार होतं? आणि इकडे तुमच्या पोटात ह्या सगळ्या महिन्यांत…”

तिने कपाळ फ्रीजरच्या दाराला टेकवलं.

“नाही, रडत नाहीये. संतापलेय.… आणि ते ‘चुकलं बाई’ आज नको, आज मी माफबिफ करणार नाही. आज फक्त वर जायचं.

“कसली भीती?… म्हणा ना तसं. एवढं साधं वाक्य. भीती वाटते म्हणा, मी काय हसणारे?… घशात औषध फवारतात, घसा बधिर होतो. नळी जाताना उबळ येते, डोळ्यांतून पाणी येतं. मग दहा मिनिटांत संपतं. माझीही झालीये, मला माहीत आहे.… श्वास कोंडत नाही. वाटतं तसं. नाक मोकळंच असतं. तुमच्याकडे लोक पहिल्यांदा चढावर गाडी उभी करायला शिकतात, तेव्हा त्यांची काय अवस्था होते? त्यांना काय सांगता तुम्ही?… हेच ना, श्वास सोडा, मी आहे शेजारी? मग? ताई आहे शेजारी.… काकू काय म्हणतायत?… त्यांची दोनदा झालीये? बघा. आणि त्यांच्यावर तुम्ही रोज खेकसता.

“आज ते पांढरं घेतलंय का?… पाणी?… काल रात्रीपासून काहीच नाही? खरं? आता माझं काही अडलेलं नाही, भावोजी. खरं सांगायला हरकत नाही.… बरं. डॉक्टरांना सगळं सांगायचं. वर्ष, बाटल्या, काय अडकतं, काय जळतं. मला सांगितलंत तसं नाही. दगडबिगड काढायचा नाही मध्ये. जा. फोन ताईला द्या आणि जा.

“ताई, हात धर त्यांचा. लाजू नकोस, धर. वर पोचलात की बोल, मी आहे.”

ती सरांकडे वळली. फोन कानाला तसाच होता.

“सर, तो नमुना निरोगी गटातून काढा.… नाही, चाचणी चुकली म्हणून नाही. आकडा बरोबर होता. माणूस चुकीच्या जागी बसवला होता. लिहिताना असंच लिहायचं, ‘अपवादात्मक मूल्य’ वगैरे नाही.… मग कुठल्या गटात?”

तिने उरलेला मोजाही काढून टोपलीत टाकला.

“ते मला आत्ता माहीत नाही, सर.”

सर उठले आणि टेबलावरची तिची नमुन्यांची प्लेट उचलून झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवू लागले. हे काम त्यांनी कित्येक वर्षांत केलं नसावं. त्यांना खण सापडत नव्हता.

“हां ताई.… घेतलं आत? लगेच? देव पावला.… तुझ्याकडे काय दिलं? घड्याळ, चष्मा.… काकू पण वर आल्या? बसू देत. किल्ली त्यांच्याकडेच राहू दे.

“आता तुझ्याशी बोलायचंय. तुला माहीत होतं?… बाटल्यांचं नाही, ते राहू दे. बाकीचं.… ताई, मी विचारतेय. जेवण कमी झालं होतं?… किती दिवस?… आणि?… पट्टा? पट्ट्याचं काय?… नवीन भोक पाडून घेतलं. कुणाकडून, चांभाराकडून?… घरीच. खिळ्याने. तुझ्यासमोर.… आणि तू मूग गिळून बसलीस! ‘डाएट करतायत’? हा माणूस? ह्या जन्मात?… अगं, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? शहाणी ना तू आमच्यात?

“काय म्हणालीस?

“… परत म्हण.

“… हो. आले तेव्हा रक्तच घ्यायला आले.… हो, त्याआधी कितीतरी महिने नव्हते आले.… तेही खरं. ‘ताई, कशी आहेस’ असं नाही विचारलं. ‘तुमच्याकडे पन्नाशीपुढचं निरोगी कुणी आहे का’ असं विचारलं.… नाही, मी नाकारत नाहीये. विचारलं असतं तर सांगितलं असतंस, मान्य.… हो. हो.… अगं ऐक ना… भांड, पण आत्ता नको. आज संध्याकाळी येते, तेव्हा पोटभर भांड. मीही भांडणार आहे.

“आहे. फोनवरच आहे.… नाही, दुसरं काही काम नाही मला.

“ते आत्ता कुणीच सांगू शकत नाही. नसेलही काही. पुष्कळदा साधा अल्सर निघतो. जंतू निघतात, दोन आठवडे गोळ्या घेतल्या की जातात.… उगाच धीर द्यायला नाही सांगत, खरंच तसं असतं. आम्हाला जे दिसतात ते वाईटच दिसतात, म्हणून मी अशी झालेय. बाहेरच्या जगात अल्सरच जास्त.… हां. पाणी पी थोडं. तुला कुठे उपाशी राहायचं होतं!… तूही काही खाल्लं नाहीस? का?… ते उपाशी म्हणून. काय जोडी आहे.

“दार उघडलं?… कोण?… सिस्टर. काय म्हणाली?… काही नाही, कपाटातून काहीतरी घेऊन आत गेली. काय नेलं?… केवढ्या बाटल्या?… बोटाएवढ्या. आत पाण्यासारखं.”

तसल्या बाटल्या धाकटी रोज पाहत असे. पाण्यासारखं दिसतं ते फॉर्मॅलिन. जठरातून चिमट्याने काढलेला कण त्यात टाकतात, आणि तो कशाचा आहे हे काही दिवसांनी दुसऱ्याच कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली बघून लिहितं. साध्या अल्सरचाही कण घेतात. संशय आला की जास्त घेतात. तिला हे माहीत होतं.

“काही नाही गं. तपासायला तुकडा घेतात बारीकसा. दुखत नाही.… सगळ्यांचाच घेतात.… हो, सगळ्यांचाच. मी सांगतेय ना.

“परत आली?… कोण, तीच?… आणखी नेल्या?

“…

“आहे. ऐकतेय.… नाही, चिडलेली नाहीये. आवाज असाच आहे माझा.… ताई, मी निघते आहे. लगेच. गाडीत बसले की परत फोन करते.… नाही, काही झालं नाही, सहज येतेय. काकूंना जवळ बसव.

“कुणाला बोलावतायत?… तुला? आत?… ते शुद्धीवर आहेत ना? बघतायत ना तुझ्याकडे?… मग जा. फोन घेऊनच जा, बंद करू नकोस. डॉक्टर काय म्हणतील ते तसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत मला… ताई?

“हॅलो?… ताई, ऐकू येतंय का?… हॅलो?”

पावणेबाराला फोन तुटला. धाकटीने पुन्हा लावला, घंटा वाजून वाजून थांबली. तेव्हा ताई आत होती. बाहेर बाकावर काकू होत्या, पण त्यांचा नंबर तिच्याकडे नव्हता.